साठीनंतरची मधपेटी

निवृत्तीनंतर अंगणात एखादी मधपेटी ठेवावी, असे अलीकडे अनेकांच्या मनात येते. मग घरातील मंडळी दवाखान्यात येऊन हळूच विचारतात, "डॉक्टर, बाबांच्या वयाला हे झेपेल का?" बहुतेकांना झेपते, मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. दंशाने शरीरात काय होते हे माहीत हवे, आणि हे काम बारा महिन्यांचे आहे याची पूर्ण कल्पना हवी.

सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत पाळली जाते ती सातेरी माशी. ती युरोपीय माशीहून लहान आणि बरीच शांत, पण रुसणारी. उपासमार, मेणकिडा किंवा पेटीची वारंवार उघडझाक, यांपैकी काहीही असह्य झाले की सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. म्हणून हौशी मधपाळाने आपले वर्ष मधाच्या हंगामापासून न मोजता पावसाळ्यापासून मोजावे.

जून ते सप्टेंबर हे माशांचे दुष्काळी दिवस. बाहेर पडता येत नाही आणि फुलोराही नसतो. या काळात साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक गार करून संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. तो बाहेर सांडला, तर मुंग्या येतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटीला येतात. तळफळीवरचा कचरा नियमित झाडावा, कारण मेणकिडा तेथेच वाढतो. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात; त्यांतील पाणी दर आठवड्याला ओतून, वाट्या घासून पुन्हा भराव्यात. माशांची काळजी घेताना अंगणात डेंग्यूचे डास पाळले जाऊ नयेत!

पाऊस ओसरला की वसाहत वाढू लागते. माशांची दाटी झाली, तर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे दिसतात. म्हणजे वसाहत फुटण्याच्या बेतात आहे. अशा वेळी ती दोन पेट्यांत विभागावी. हे काम पुस्तक वाचून साधत नाही, जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच शिकावे. महाबळेश्वर येथील खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आणि पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही त्यासाठीची परिचित ठिकाणे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव तर 2022 पासून 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते.

आता दंशाविषयी. काटा कातडीत राहिला, तर नखाने खरवडावा किंवा चिमटीने काढावा. पद्धतीपेक्षा त्वरा महत्त्वाची, कारण विषाची पिशवी काही क्षण विष सोडतच राहते. त्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि तो इतर माशांना हल्ल्याची सूचना देतो. म्हणून आधी पेटीपासून दूर जावे. दंशाच्या जागी दोन दिवस सूज राहणे घाबरण्यासारखे नाही. परंतु सर्वांगावर गांधी उठणे, घसा आवळणे, धाप, उलटी किंवा भोवळ यांपैकी काही आढळले, तर वेळ दवडू नये. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत; धाप लागत असल्यास बसू द्यावे, पण उठून चालू देऊ नये. 108 ला फोन करावा. यावरचा खरा उपचार म्हणजे मांडीत दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये.

पूर्वी कधी असे झाले असेल, तर मधपेटी घेऊच नये, हे मी स्पष्ट सांगतो. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पेटी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. पेटीजवळ एकट्याने जाऊ नये, खिशात फोन असावा. क्वचित दंश होणाऱ्या घरच्या माणसालाही ॲलर्जी जडू शकते, तेव्हा सोबत करणाऱ्यानेही जाळीची टोपी घालावी. घरात विस्मरणाचा रुग्ण असेल, तर पेटीभोवती कुंपण आणि कडी हवीच.

स्टँड इतके उंच असावे की वाकावे लागू नये. दमेकऱ्याने धुरांडे दुसऱ्याच्या हाती द्यावे.

मार्च ते मे या काळात जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात आणि वरची मधकोठी भरते. घरांची तोंडे मेणाने बंद झाली की मध पिकला असे समजावे. तो सकाळी लवकर काढावा. मेच्या उन्हात टोपी आणि जाड कपडे घालून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला चक्कर येऊ शकते. खालच्या कोठीतील मधाला हात लावू नये, ती माशांची पावसाळ्याची शिदोरी.

घरचा मध म्हणून तो मधुमेह्याला माफ नसतो. त्यातही साखरच आहे, चमचा मोजूनच घ्यावा. आणि नातवंड वर्षाचे होईपर्यंत त्याला मधाचे बोटही चाटवू नये. मधातील बॉट्युलिझमचे जंतू तान्ह्या आतड्यात वाढून जिवावर बेतू शकतात. बारशाला आजी रागावली तरी चालेल.