अंगठ्याचे काम मनगटाला

२०२५ च्या दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’चे दोन्ही भाग निन्टेन्डोच्या स्विचवर नव्याने आले. मारिओची चाळिशी हे निमित्त. जुन्याच दोन खेळांच्या जोडीला ७० डॉलर का मोजायचे, हा वाद त्यावरून रंगला आणि तो रास्तच आहे. पण किमतीच्या गदारोळात दुसरा, जास्त रस असलेला प्रश्न मागे पडला. २००७ साली वी या कन्सोलवर ‘गॅलेक्सी’ आला, तेव्हा मारिओला गिरकी घ्यायला लावायचा एकच मार्ग होता : हातातला रिमोट झटकायचा. आता तेच काम बटण दाबूनही होते. मारिओच्या जुन्या खेळांच्या २०२० च्या संग्रहातही ही मुभा होती. यावरून अनेक जाणकार असा निष्कर्ष काढतात, की रिमोट हलवून खेळण्याचा तो सगळा प्रकार म्हणजे त्या काळची हवा होती, ती ओसरली आणि बरे झाले. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. वेगवान उड्यांच्या खेळांत हाताच्या हालचालींनी घोटाळे केले हे खरे. पण ते सगळ्या खेळांत केले नाहीत, आणि जिथे केले तिथे दोष हालचालीचा नव्हता. अंगठ्याने करायचे काम मनगटाकडे दिले गेले, तिथे खेळ फसला. मनगटाला जमेल असे काम ज्यांनी शोधून काढले, त्यांचे खेळ आजही तितकेच ताजे वाटतात.

हे समजायला रिमोटच्या पोटात काय होते ते पाहावे लागते. २००६ च्या वी रिमोटमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप होती. ती त्वरण मोजते, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो आहे ते. तीन दिशांना, साधारण गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट जोरापर्यंत, आणि सेकंदाला सुमारे १०० वेळा ही नोंद कन्सोलकडे जात असे. टेबलावर निवांत पडलेला रिमोटसुद्धा शून्य दाखवत नाही. तो गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण दाखवतो. त्यावरूनच ‘खाली’ कुठे आहे हे कन्सोलला कळते आणि रिमोट किती अंशांत कलला आहे याचा हिशेब मांडता येतो. अडचण सुरू होते ती हात हलल्यावर. १९०७ साली आइनस्टाइनच्या लक्षात आले, की बंद खोलीतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि खोलीच्या त्वरणाने बसलेला रेटा यांतला फरक ओळखता येणार नाही. सापेक्षतेच्या व्यापक सिद्धान्ताचा पाया असलेले हे तत्त्व या चिपलाही चुकत नाही. परातीत पाणी घेऊन उभे राहा, परात कलली की पाणी एका कडेला सरकते. तीच परात सरळ धरून झपकन पुढे ढकला, तरी पाणी एका कडेलाच चढते. पाण्याकडे बघून यातले काय घडले ते सांगता येत नाही. चिपची गत नेमकी हीच. तिला स्थिर हाताचा कल उत्तम कळतो, जोरदार झटकाही कळतो, पण दोन्ही एकदम मागितले तर ती गोंधळते. गोंधळ टाळायचा तर प्रोग्रामरला मागच्या अनेक नोंदींची सरासरी काढावी लागते, आणि सरासरी म्हणजे उशीर. दहा नोंदींची सरासरी काढली तर सुमारे ५० मिलिसेकंद हातचे गेले. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात ही तीन चित्रांची दिरंगाई होते, आणि खड्ड्याच्या काठावरून उडी मारताना तीन चित्रे पुष्कळ असतात.

आता सेगाचा ‘सॉनिक अँड द सीक्रेट रिंग्ज’ बघा. हाही २००७ चाच, ‘गॅलेक्सी’च्या काही महिने आधीचा. सुरुवातीला सेगाचा विचार आधीच तयार होत असलेला दुसरा सॉनिक वीवर आणण्याचा होता. तो सोडून त्यांनी या रिमोटसाठीच वेगळा खेळ बांधला, आणि अरबी सुरस कथांच्या दुनियेत सॉनिकला सोडले. यामागची कल्पना धाडसी होती, हे आधी कबूल करायला हवे. सॉनिक आपणहून धावतो. खेळाडूने रिमोट आडवा धरून डावीउजवीकडे कलवायचा आणि सॉनिकची वाट वळवायची. सरळ धाव चालू असते तोवर यात खरी झिंग आहे. वाळूवरून, डायनोसॉरांच्या जंगलातून सॉनिक सुसाटतो तेव्हा मनगटातला हलका कल आणि पडद्यावरचे वळण एकजीव होते. मग समोर शत्रू येतो. बटणाने उडी मारायची आणि हवेत असताना रिमोट पुढे झटकायचा, की सॉनिक शत्रूवर झेपावतो. म्हणजे ज्या चिपकडून कल वाचायचा तिलाच, त्याच क्षणी, झटका ओळखायला सांगायचे. हात पुढे जातो तेव्हा मनगट थोडे वळतेच, आणि झटक्याच्या त्वरणामुळे कलाचा हिशेबही त्या क्षणापुरता बिघडतो. त्यावर कडी म्हणजे मागे जायचे तर रिमोट आपल्याकडे कलवायचा. एखादी अंगठी हुकली म्हणून परत फिरणे हे या खेळातले सर्वांत कंटाळवाणे काम ठरले. पुढे धावण्यासाठी बांधलेल्या रचनेत मागे फिरण्याची हालचाल उपरीच होती. दोन वर्षांनी आलेल्या ‘सॉनिक अँड द ब्लॅक नाइट’मध्ये सेगाने धावण्याची दिशा अंगठ्याने ढकलायच्या काठीकडे (जॉयस्टिककडे) परत दिली आणि हाताच्या झटक्याला तलवार दिली. वळवण्याचे काम मनगटाकडून काढून घेतले, यात पहिल्या खेळाच्या अनुभवाची कबुली दिसते.

‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तो एरवी अव्वल दर्जाचा खेळ आहे. टेक्सासमधल्या रेट्रो स्टुडिओने २०१० मध्ये केलेला हा खेळ उड्यांच्या बाबतीत निष्ठुर आहे. धावताना रिमोट झटकला की डाँकी काँग कोलांटी घेतो, आणि कोलांटीतूनच उडी मारली तर ती लांब जाते. वेळेच्या शर्यतीत सुवर्णपदक हवे असेल तर या कोलांटउडीवाचून गत्यंतर नाही. पण उभ्या उभ्या रिमोट झटकला तर तो जमिनीवर हात आपटतो, आणि खाली वाकून झटकला तर फुंकर मारतो. एका झटक्याचे तीन अर्थ, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे त्या क्षणी दिशेचे बटण दाबलेले आहे की नाही यावर ठरते. झटका देताना डावा अंगठा निमिषभर ढिला पडला, की काठावरून झेप घेण्याऐवजी गोरिला जमीन बडवत बसतो. आणि हे अंगठा ढिला पडणे खेळाडूच्या गचाळपणामुळे होत नाही. ज्या हाताने रिमोट हलवायचा त्याच हाताच्या अंगठ्याने बटण घट्ट धरून ठेवायचे आहे. बटण मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली गेले की आज्ञा पोहोचते. हात मात्र आधी हलायला लागतो, मग वेग पकडतो, मग झटका म्हणून ओळखण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे त्वरण जाते. मेंदूने ठरवल्यापासून आज्ञा पोहोचेपर्यंतचा हा काळ दर वेळी सारखाही नसतो, आणि अचूक खेळात उशिरापेक्षा ही अनिश्चितता जास्त छळते. २०१३ मध्ये हाच खेळ थ्रीडीएसवर आला तेव्हा कोलांटी बटणावर आली, २०१४ च्या ‘ट्रॉपिकल फ्रीझ’मध्ये वी यूच्या गेमपॅडवरही बटणच होते, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या एचडी आवृत्तीतही ती बटणाने घेता येते. खेळाचे काहीही बिघडले नाही. उलट मूळचा खेळ किती नेमका बांधलेला होता, ते तेव्हा स्पष्ट दिसले.

मग ‘गॅलेक्सी’ची गिरकी का फसली नाही? चिप तीच आणि झटकाही तोच, फरक फक्त कामाच्या वाटपात आहे. धावणे काठीवर, उडी बटणावर. ज्या दोन गोष्टींना नेमकी वेळ लागते त्या अंगठ्यांकडेच राहिल्या. दिग्दर्शक योशिआकी कोइझुमी यांच्या चमूने झटक्याकडे दिली ती गिरकी, आणि हवेत असताना गिरकी घेतली तर मारिओ किंचित वर उचलला जातो. छोट्या, गोल ग्रहांवर उडीचा अंदाज हमखास चुकतो. पाय जिथे टेकायला हवा होता तिथे नाही हे लक्षात आल्यावर माणूस घाबरून हात झटकतो, आणि नेमक्या त्याच झटक्याने मारिओ वाचतो. ही हालचाल सावरण्याची आहे. सावरायला एक ठरावीक क्षण लागत नाही, हवेतला बराचसा काळ चालतो, त्यामुळे दोन-तीन चित्रांच्या उशिराने काही अडत नाही. गिरकीनंतर थोडा वेळ दुसरी गिरकी घेता येत नाही, हा नियमही तितकाच विचारपूर्वक वाटतो : झटका दिलेला हात मागे येताना उलटा झटका बसतोच, आणि खेळाच्या या नियमामुळे तो आपोआप दुर्लक्षित होतो. एका ग्रहावरून दुसऱ्याकडे भिरकावणारे तारे तर खेळाडूची वाटच बघत थांबतात. मारिओ ताऱ्यात तरंगतो, केव्हा झटकायचे ते तुम्ही ठरवा. चेंडूवर उभे राहून तोल सांभाळण्याच्या मोजक्या लेव्हल्समध्ये दिशा रिमोटच्या कलावर आहे, पण तिथेही उडीला बटण ठेवले आणि झटका अजिबात मागितला नाही. कल आणि झटका एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत याची काळजी जवळजवळ प्रत्येक पातळीवर घेतलेली दिसते.

हे योगायोगाने जमले असे मला वाटत नाही. याच कोइझुमींनी आधी गेमक्यूबसाठी ‘डाँकी काँग जंगल बीट’ केला होता, जो २००४ मध्ये जपानमध्ये आला. तो चक्क बोंगोंची जोडी बडवून खेळायचा. डावा बोंगो वाजवला की डावीकडे धाव, उजवा वाजवला की उजवीकडे, दोन्ही एकदम वाजवले की उडी, आणि टाळी वाजवली की ती मायक्रोफोनने ऐकून गोरिला समोरचे पकडतो. इतक्या ढोबळ साधनाने वेगवान खेळ खेळता येतो, हेच मुळात अनेकांना अशक्य वाटले असते. तो खेळता येतो, कारण लेव्हल्स त्या ढोबळपणासाठी बांधल्या आहेत : भिंतींवरून उसळता येते आणि चूक झाली तरी लय बहुधा सांभाळता येते. आपल्याकडे वी फारसा पोहोचला नाही, पण हाच धडा इथल्या लाखो हातांनी फोनवर नकळत गिरवला आहे. २०११ च्या ‘टेम्पल रन’मध्ये वळणे, उडी आणि घसरणे ही क्षणात करायची कामे बोटाच्या फटकाऱ्यावर आहेत, वाटेच्या या कडेची नाणी घ्यायची की त्या कडेची, एवढेच फोन कलवून ठरते. घाईच्या क्षणी फोन झटकायला तो खेळ कधीच सांगत नाही. श्रमविभागणी ‘गॅलेक्सी’चीच.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की बटणाने सगळे जास्त चांगले होत असेल तर हालचाल हवीच कशाला? अचूकता हीच एक कसोटी मानली तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण खेळाची ती एकमेव कसोटी नाही. ज्याने कधी कंट्रोलर हातात धरला नाही त्याला काठी, उडीचे बटण आणि तिसरे एखादे बटण एकाच वेळी लक्षात ठेवणे जड जाते. घाबरल्यावर हात झटकणे कोणाला शिकवावे लागत नाही. वीच्या दहा कोटींहून जास्त विक्रीत अशा नवख्या घरांचा मोठा वाटा होता. दुसरा आक्षेप तंत्राचा : २००९ मध्ये रिमोटला वळण्याचा वेग मोजणाऱ्या जायरोस्कोपची जोड मिळाली, आजच्या अनेक कंट्रोलरांत तो असतो, मग कल आणि झटक्यातला गोंधळ इतिहासजमा झाला ना? बराचसा झाला. २०१५ च्या ‘स्प्लाटून’मध्ये कंट्रोलर कलवून नेम धरणे काठीपेक्षा सरस ठरते, हे त्याचे उत्तम उदाहरण. पण चिप सुधारली म्हणून मनगट हलायला लागणारा वेळ कमी होत नाही. नेम सतत दुरुस्त करता येतो. काठावरची उडी एकदाच मारायची असते. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. ज्यांच्या मनगटात दुखणे आहे किंवा हालचालच नाही, त्यांच्यासाठी झटका म्हणजे बंद दार. त्यामुळे ‘गॅलेक्सी’त बटण आले हे नि:संशय योग्य झाले, आणि ते पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. झटकाही ठेवला, हेही तितकेच योग्य झाले.

खरी काळजी आहे ती ‘सीक्रेट रिंग्ज’सारख्या खेळांची. ‘गॅलेक्सी’ला बटण जोडता आले, कारण झटका हा त्याचा एक सुटा भाग होता. ‘सीक्रेट रिंग्ज’मध्ये कल सुटा काढता येत नाही, आपोआप धावणे, वाटांची रुंदी, वळणांमधले अंतर, सगळे त्या कलाच्या मंद गतीला धरून आखलेले आहे. तो आजवर दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर आलेला नाही. संगणकावर डॉल्फिन हा इम्युलेटर वापरून कलाच्या जागी काठी जोडता येते, पण मग हातात येतो तो रुळावरून चाललेला, विनाकारण संथ वाटणारा सॉनिक. कशाशी झगडून हा खेळ बांधला गेला, ते कळायला वावच उरत नाही. फसलेल्या प्रयोगांतच पुढच्या बांधणाऱ्यांना शिकण्यासारखे जास्त असते, म्हणून जपानमधल्या आणि बाहेरच्या खेळ-संग्रहांनी अशा खेळांची डिस्क जपताना त्यासोबत चालू स्थितीतला रिमोटही जपला पाहिजे.