उभे राहिल्यावर शब्द कुठे जातात?

श्रोतेहो, भाषणाची भीती या विषयावर मी बोलतो आहे, हे ऐकून माझ्या ओळखीचे काही लोक हसतील. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालेल्या शोकसभेत माझी उडालेली त्रेधा त्यांनी पाहिली आहे. ती सभा माझ्या मित्राची होती. एकाच शाळेत आम्ही वीसेक वर्षे शिकवले. त्याच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ जितके होते, तितके त्या मांडवात क्वचितच कोणाजवळ असेल. माझे नाव पुकारले गेले. मी माईकपुढे उभा राहिलो, ‘मित्रहो’ म्हणालो आणि पुढचे काही आठवेना. घसा कोरडा पडला. हातातला कागद थरथरू लागला आणि त्याची फडफड माईकमधून मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. कशीबशी दोन वाक्ये बोलून मी खाली बसलो. निघताना वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही काही सांगाल असं वाटलं होतं.”

रोज पाच-पाच तास वर्गात बोलणाऱ्या माणसाचे असे का व्हावे? शरीराच्या बाजूने उत्तर सोपे आहे. बोरच्या जंगलात अचानक वाघ समोर आला, तर शरीर जे करील तेच ते सभेतही करते. अ‍ॅड्रेनलीन रक्तात उतरते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय पळण्याच्या तयारीत थरथरतात. पळायचे तर नसते, म्हणून ती थरथर नुसतीच दिसत राहते. अशा वेळी श्वास सावकाश, लांबवर बाहेर सोडला की धडधड थोडी उतरते. पण हा झाला तात्पुरता उतारा. वर्गात माझे लक्ष मुलांना गणित कळते की नाही याकडे असे. शोकसभेत ते ‘मी कसा बोलतो आहे’ याकडे होते. मित्र बाजूला राहिला आणि मीच माझ्या भाषणाचा विषय झालो. खरी गोम इथे आहे, असे मला वाटते.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, म्हणून गांधीजींचा दाखला ओघानेच येतो. पण बापूकुटीतले गांधीजी नव्हेत, विशी-पंचविशीतले गांधीजी. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर ते होते, पण बैठकीत तोंड उघडत नसत. एकदा एका सदस्याला काढून टाकण्याचा प्रश्न आला. गांधीजींचे मत वेगळे होते. त्यांनी ते कागदावर लिहून नेले, पण वाचण्याचे धैर्य होईना आणि ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. 1891 मध्ये लंडन सोडताना त्यांनी स्नेह्यांना मेजवानी दिली. छोटेसे विनोदी भाषण तयार केले होते. पहिल्या वाक्यानंतर गाडी अडली. आल्याबद्दल सर्वांचे आभार मानून ते बसले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपये फी घेऊन उभे राहिले, तर उलटतपासणीचा एकही प्रश्न सुचला नाही. खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगून ते कोर्टातून निघून आले. हे सारे त्यांनी स्वतःच आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

मग 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला, हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीत हाच माणूस नीट बोलला. आपले आयुष्यातले पहिले जाहीर भाषण म्हणून ते याच भाषणाचा उल्लेख करतात. विषय होता, व्यापारात सचोटी पाळणे. तो विषय त्यांनी विचार करून नेला होता, समोरच्या माणसांची अडचण त्यांना दिसत होती आणि त्यांना काहीतरी सुचवायचे होते. लंडनच्या मेजवानीत फक्त चांगले बोलून दाखवायचे होते. दोन प्रसंगांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पण एकदा जमले म्हणजे भीती कायमची गेली, असे कोणी समजू नये. तीनच वर्षांनी, 1896 मध्ये, मुंबईच्या जाहीर सभेत त्यांचे भाषण आधीच छापून तयार होते. तरी वाचताना त्यांचा आवाज कापू लागला आणि उरलेले भाषण शेवटी दिनशा वाच्छांनी वाचले. 8 ऑगस्ट 1942 ला गवालिया टँकवर साऱ्या देशाने ज्यांचे शब्द उचलले, ते हेच गांधीजी. बुजरेपणामुळे आपल्याला शब्दांची काटकसर करण्याची सवय लागली, असा हिशेब त्यांनी पुढे मांडला आहे. आपल्याकडच्या सभांत तर या काटकसरीची फारच गरज आहे. अर्धा वेळ व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे घेण्यातच जातो आणि तरी एखादे राहतेच!

आता पवनारला येऊ. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबांनी तिथे भाषण केले आणि वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. या सत्याग्रहात बोलणे हीच कायदेभंगाची कृती होती. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणे चूक आहे, युद्धाला अहिंसेनेच विरोध करायला हवा, एवढाच त्याचा गाभा. पुढचे काही दिवस विनोबा गावोगाव बोलत राहिले. 21 तारखेला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्यामागून देशभर असंख्य कार्यकर्ते उभे राहिले. त्यांतले सगळे काही वक्ते नव्हते. ठरलेली वाक्ये चारचौघांत उच्चारायची आणि तुरुंगात जायचे, एवढेच त्यांना करायचे होते. भाषण दोन वाक्यांचेही असू शकते, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून बसले आहे.

निवृत्तीनंतर मी याचा उपयोग एका ग्रामपंचायत सदस्य बाईंसाठी केला. 2011 पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. पण जागा मिळाली म्हणून आवाज मिळतोच असे नाही. या बाईंच्या मोहल्ल्यातली अंगणवाडी पावसाळ्यात गळायची. ग्रामसभेत विषय मांडायचा होता. मला म्हणाल्या, “गुरुजी, मले नाही जमत. समोर सासऱ्याच्या वयाचे मानसं बसते, मंग माह्ये पाय कापते.”

कायद्याने मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. तिथे त्या छान बोलल्याचे मी ऐकले होते. म्हणजे बोलता येत नव्हते असे नाही. मी त्यांना भाषण लिहून दिले नाही. विचारले, “छत गळतं तेव्हा नेमकं काय होतं?” त्यांनी सांगितले की सेविका पातेले उचलून इकडून तिकडे नेते, पोरे भिंतीला चिकटून उभी राहतात आणि त्या दिवशी खिचडी उशिरा मिळते. “बस, हेच बोला. आधी हे आणि शेवटी ‘छताचा ठराव घ्या’ एवढंच.” पहिले आणि शेवटचे वाक्य त्यांनी पाठ केले. मधले पाठ करू दिले नाही. पाठ केलेला एक शब्द निसटला की त्याच्यामागचे सगळेच निसटतात. माझ्या शोकसभेत तेच झाले होते. सराव घरात नाही, शेतात केला, मोठ्या आवाजात. मनातल्या मनात म्हटलेले भाषण जिभेला ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट मी गाडगेबाबांच्या कीर्तनातून उचलली होती. बाबा लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत आणि बघता बघता ऐकणाराच बोलणारा होई. बाईंनी सभेत महिलांच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींकडे पाहून सुरुवात केली, “आजी, तुमचा नातू काल अंगणवाडीत कुठं बसला होता?” आजी म्हणाल्या, “बसंन कुठं माय, उभाच होता!” सभेत हशा पिकला आणि मग सगळे गप्प झाले. पुढचे बोलणे दोन मिनिटांत संपले. पाय कापतच होते, असे त्यांनी नंतर सांगितले; पण लुगड्यामुळे कोणाला दिसले नाही. ठराव झाला. छत व्हायला मात्र आणखी एक पावसाळा गेला आणि त्या प्रत्येक ग्रामसभेत ‘छताचं काय झालं?’ म्हणून उठून विचारत राहिल्या.

आकाशवाणीच्या या खोलीत समोर कोणीच बसलेले नाही, तरी सुरुवातीला माझे हात गार पडले होते. अशा वेळी मी एक ओळखीचा चेहरा डोळ्यांसमोर आणतो आणि त्यालाच सांगतो. आज तो चेहरा वहिनींचा आहे. शोकसभेत राहून गेलेले मी पुढे वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले. कोणकोणत्या मुलांची परीक्षेची फी मित्राने गुपचूप भरली होती, ते त्यांना माहीत नव्हते. अर्धा तास बोललो, कागद नव्हता. चहा निवून गेला, तो त्यांनी पुन्हा गरम करून आणला.