गाणे तुमचे, मालकी कोणाची?

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुतेक वेळा सुरांचा इतिहास लिहितात. कोणाचा गळा गोड, कोणाची तबकडी किती खपली, याच्या याद्या होतात. पण ती तबकडी कोणी छापली, तिचे पैसे कोणाच्या खिशात गेले आणि करारनाम्यात मालक म्हणून कोणाचे नाव होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते गैरसोयीचे असतात म्हणूनच विचारले जात नाहीत! १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या काही तरुण-तरुणींनी हे प्रश्न उघडपणे विचारले आणि हिशेब चक्क तबकडीच्या वेष्टनावर छापला. त्यांच्या संगीताला 'पोस्ट-पंक' म्हणतात. हे संगीत उदास आहे, कर्कश आहे, अशी त्याची संभावना करणारे आजही भेटतात. वीस वर्षे करारनामे वाचण्यात आणि त्यांवरून भांडण्यात घालवलेल्या माणसाला मात्र या संगीतात आणखी काही ऐकू येते.

आधी पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या एका छोट्या सभागृहात 'सेक्स पिस्टल्स' या लंडनच्या पंक बँडचा कार्यक्रम झाला. तो ठरवला होता हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या तिथल्याच दोन तरुणांनी. श्रोते मोजकेच होते. त्यातल्या पीटर हुक नावाच्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी आईकडून पैसे उसने घेऊन बास गिटार विकत घेतली. त्याला ती वाजवता येत नव्हती. पण रंगमंचावरची मुले जे करत होती, ते आपल्यालाही जमेल, एवढे त्याला उमगले होते. पुढे 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या आवाजाचा कणा ठरली ती हीच गिटार.

पंकचा हा उद्रेक अल्पजीवी ठरला. बंडखोरी विकली जाते, हे मोठ्या कंपन्यांनी लगेच ओळखले. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉन लायडन हा आयरिश स्थलांतरित कष्टकऱ्याचा मुलगा. जानेवारी १९७८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि त्याने आपल्या व्यवस्थापकाला न्यायालयात खेचले. हे प्रकरण मिटायला १९८६ साल उजाडले. तेव्हा कुठे बँडच्या मिळकतीवरचा हक्क बँडच्या सदस्यांकडे आला. गाणे तीन मिनिटांचे, दावा आठ वर्षांचा! मधल्या काळात लायडनने नवा बँड काढला. त्याचे नाव एखाद्या कंपनीसारखे ठेवले – 'पब्लिक इमेज लिमिटेड'. हा विनोद होता, पण अनुभवातून आलेला.

त्या काळातला मोठ्या कंपनीचा करारनामा कसा असे, हे समजून घेणे आवश्यक आहे. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देई. स्टुडिओचा आणि बहुधा इतरही खर्च बँडच्या छोट्याशा रॉयल्टीतून वळता केला जाई. तो खर्च पुरता फिटला तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडेच राही. सावकाराचे कर्ज पै-पैसह फेडावे आणि शेत मात्र सावकाराच्याच नावावर राहावे, तसा हा प्रकार. यावर उपाय कोणता? दुसरा, जरा दयाळू सावकार शोधणे हा उपाय नव्हे.

डिव्होटो आणि शेली यांच्या 'बझकॉक्स' या बँडने ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी काढली. तिच्या सुमारे १६ हजार प्रती खपल्या. 'डेस्परेट बायसिकल्स' या बँडने तर १५३ पौंडांत पहिली तबकडी काढून दाखवली आणि हे किती सोपे व स्वस्त आहे, तुम्हीही करा, असा प्रचार सुरू केला. १९७८ साली 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर स्टुडिओला किती दिले, छपाईला किती लागले, हा सगळा खर्च मांडला. गाण्याच्या वेष्टनावर गायकाचा देखणा चेहरा छापायची रीत. यांनी हिशेब छापला! धंद्याचे गुपित फुटले की मक्तेदारीचा अर्धा जोर संपतो.

तबकडी छापली तरी ती गावोगावी पोहोचणार कशी? पश्चिम लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली 'रफ ट्रेड' हे दुकान उघडले होते. १९७८ मध्ये त्यातूनच तबकड्या काढणारी संस्था उभी राहिली. करार साधा होता : खर्च वजा जाता उरलेल्या पैशाची निम्मी-निम्मी वाटणी. पुढे ब्रिटनमधल्या ठिकठिकाणच्या स्वतंत्र दुकानांनी एकत्र येऊन स्वतःची वितरण साखळी उभारली. उत्पादन आणि वितरण दोन्ही हातात असल्याशिवाय स्वातंत्र्याच्या गप्पा पोकळ असतात, हे या मंडळींना नेमके कळले होते.

आता प्रत्यक्ष संगीताकडे वळू. सर्वसाधारण रॉक संगीतात मुख्य गिटारवादक हा राजा असतो आणि बाकीचे त्याचे सेवक. पोस्ट-पंकने ही उतरंड मोडली. बास गिटार पुढे आली, ढोलाला स्वतःचे म्हणणे मिळाले, गिटार तुटक आणि धारदार झाली. वाद्यांच्या मधली शांतता हासुद्धा गाण्याचा भाग झाला. लीड्स शहरातल्या 'गँग ऑफ फोर'चा १९७९ सालचा 'एंटरटेनमेंट' हा अल्बम ऐकावा. त्यात प्रेम, बाजारहाट, सुट्टी, दूरदर्शनवरच्या बातम्या असे रोजचे विषय आहेत. पण प्रत्येक ठिकाणी फायदा कोणाचा, हा प्रश्न टोचत राहतो. हे विद्यापीठात शिकलेले तरुण होते आणि ईएमआय या बड्या कंपनीशी त्यांनी करार केला होता. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्याच वर्षी बीबीसीच्या लोकप्रिय कार्यक्रमात गाण्यातला निरोधविषयीचा एक शब्द बदलण्याचा आग्रह झाला, तेव्हा ते कार्यक्रम सोडून निघून गेले. किती खप बुडाला असेल याची कल्पना करा!

वाद्यांची ही नवी मांडणी आली कुठून? बरीचशी कॅरेबियन बेटांतून आलेल्या काळ्या लोकांकडून. जमैकाच्या ध्वनितंत्रज्ञांनी रेगे गाण्यांतले शब्द काढून, बास आणि ढोल पुढे आणून, प्रतिध्वनींचा खेळ करून 'डब' नावाचा प्रकार घडवला होता. 'द स्लिट्स' आणि 'द पॉप ग्रुप' या दोन गाजलेल्या बँडचे १९७९ मधले पहिले अल्बम ज्याने घडवले, तो डेनिस बोव्हेल बार्बाडोसमध्ये जन्मलेला, लहानपणी लंडनला आलेला. एका क्लबात पोलिसांशी झालेल्या झटापटीनंतर त्याच्यावर खटला भरला गेला. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात तो सुटला. याच बोव्हेलने कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्या कवितांना संगीत दिले. त्यांच्या १९७९ सालच्या अल्बममध्ये 'सस' कायद्याविरुद्धची कविता आहे. १८२४च्या भटकेपणाविषयीच्या कायद्यातले हे कलम. केवळ 'संशयित' म्हणून कोणालाही रस्त्यावरून उचलायचे आणि पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा द्यायची. त्याचा वरवंटा काळ्या तरुणांवर फिरत होता. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर १९८१ मध्ये ते रद्द झाले. पोस्ट-पंकची थोरवी सांगणाऱ्या लेखांत गोऱ्या गायकांची नावे ठळक असतात आणि बोव्हेलचे नाव तळटीपेत असते. ही तळटीप वर आणली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच. रॉकमध्ये स्त्रीला गायिका म्हणून, शोभेची म्हणून जागा होती. 'स्लिट्स', 'रेनकोट्स', 'डेल्टा ५', 'ओ पेअर्स' या बँडमधल्या स्त्रियांनी वाद्ये हातात घेतली आणि घरकाम, शरीर, भीती, संसारातली सत्ता यांवर गाणी रचली. वाजवणे सफाईदार नव्हते. पण सफाई ही कोणाची कसोटी? ज्यांना वर्षानुवर्षे वाद्याला हात लावू दिला नाही, त्यांच्या पहिल्याच प्रयत्नात सफाई नाही म्हणून नाक मुरडणे हा शहाजोगपणा झाला.

या संगीताभोवती वंशद्वेषाविरुद्धची चळवळही उभी होती. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन या जगप्रसिद्ध गिटारवादकाने बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. ज्याने काळ्यांच्या ब्लूजवर कीर्ती मिळवली, त्याचेच हे बोल! त्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' जन्मली. ३० एप्रिल १९७८ रोजी हजारो लोक लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून चालत व्हिक्टोरिया पार्कला गेले. तिथे गोऱ्यांचे पंक बँड आणि काळ्यांचे रेगे बँड एकाच मंचावर वाजले. त्याच वर्षी जानेवारीत मार्गारेट थॅचर यांनी दूरदर्शनवरच्या मुलाखतीत, परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल अशी लोकांना भीती वाटते, असे म्हटले होते. त्याला चोख उत्तर म्हणून पाकिस्तानी वंशाच्या तीन तरुणांनी एका गोऱ्या मित्राला सोबत घेऊन १९७९ साली बँड काढला. नाव ठेवले 'एलियन कल्चर', म्हणजे परकी संस्कृती. शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून पाटीवर लिहिण्याची ही रीत आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मे १९७९ मध्ये थॅचर सत्तेवर आल्या. जानेवारी १९८२ पर्यंत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला. जॉय डिव्हिजनचा गायक इयान कर्टिस हा रोजगार कार्यालयात कारकुनी करत असे. अपंगांना काम मिळवून देणे हे त्याचे काम. तिथे येणाऱ्या फेपऱ्याच्या रुग्ण असलेल्या एका तरुणीवर त्याने गाणे लिहिले आणि पुढे त्याला स्वतःलाच तो आजार जडला. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्या मरणाला पुढे सोनेरी चौकट बसवण्यात आली. हे वाईट झाले. आजारी, थकलेल्या माणसाला वेळेवर आधार मिळाला नाही, एवढेच त्यातले सत्य आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. 'जॉय डिव्हिजन' हे नाव नाझी छळछावण्यांत स्त्रियांवर लादलेल्या वेश्याव्यवसायाच्या विभागावरून घेतलेले आहे. पंकच्या सुरुवातीला काही जण स्वस्तिकाच्या फितीही मिरवत. समाजाला धक्का देण्यासाठी केले, असे समर्थन दिले जाते. ज्यांच्या अंगावर ती चिन्हे डागली गेली, त्यांचे दुःख दुसऱ्याच्या बंडखोरीची सजावट होऊ शकत नाही. संगीत आवडते म्हणून ही बाब झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आता पुन्हा करारनाम्याकडे. जॉय डिव्हिजनच्या तबकड्या काढणारी 'फॅक्टरी रेकॉर्ड्स' ही मँचेस्टरची संस्था टोनी विल्सन आणि ॲलन इरॅस्मस यांनी १९७८ साली सुरू केली. तिचा करार काही ओळींचा होता. सर्व काही कलावंतांच्या मालकीचे, कंपनीच्या मालकीचे काहीही नाही, असा त्याचा आशय. विल्सनने त्यावर स्वतःच्या रक्ताने सही केल्याची कथा सांगितली जाते. कर्टिसच्या मृत्यूनंतर उरलेल्या तिघांनी एका नव्या साथीदारासह 'न्यू ऑर्डर' हा बँड काढला. १९८३ सालचे त्यांचे 'ब्लू मंडे' प्रचंड खपले. पैसा आला, पण तो 'हासिएंडा' या १९८२ साली उघडलेल्या भव्य नृत्यगृहात आणि इतर खर्चांत वाहून गेला. १९९२ मध्ये फॅक्टरी दिवाळखोरीत निघाली. लंडन रेकॉर्ड्स ही कंपनी तिला विकत घ्यायला आली, तेव्हा तिला आढळले की गाण्यांची मालकी फॅक्टरीकडे नाहीच. विकायला काहीच नव्हते! व्यवहार फिसकटला, संस्था बुडाली. पण गाणी कलावंतांकडेच राहिली.

या प्रसंगावर हसणारे व्यापारी पुष्कळ आहेत. मला त्यात दोन धडे दिसतात. कागदावर स्पष्ट लिहिलेला हक्क संस्था बुडाली तरी तरतो, हा पहिला. आणि चोख हिशेबाशिवाय कितीही उदात्त संस्था टिकत नाही, हा दुसरा. रफ ट्रेडची वितरण व्यवस्थाही १९९१ मध्ये पैशाच्या गोंधळातच कोसळली. आपल्या लोकांची संस्था आहे, हिशेब कसला मागायचा, ही भावना मोठी गोड असते आणि तितकीच घातक. स्क्रिटी पोलिटीने वेष्टनावर छापलेला खर्च आणि फॅक्टरीचा न सांभाळलेला जमाखर्च शेजारी-शेजारी ठेवून पाहावा.

या संगीताचा प्रभाव मात्र बुडाला नाही. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत 'लेजियाओ उर्बाना' या बँडने ते आपल्या भाषेत नेले. अमेरिकेतल्या 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेनने रेनकोट्सचे ऋण जाहीरपणे मान्य केले. २००० नंतर 'इंटरपोल' आणि 'फ्रान्झ फर्डिनांड' आले. अलीकडे ब्रिस्टलचा 'आयडल्स', डब्लिनचा 'फाँटेन्स डी.सी.' आणि बेलारूसच्या मिन्स्क शहरातला 'मोलचात दोमा' आले. जॉय डिव्हिजनच्या पहिल्या अल्बमवरचे पांढऱ्या रेषांचे चित्र आज जगभरच्या टी-शर्टवर दिसते. दूरच्या ताऱ्याच्या स्पंदनांचा तो आलेख. तो अंगावर घालणाऱ्या कित्येकांनी ते गाणे ऐकलेलेही नसते. बाजार अखेर प्रत्येक नकाराचे कापड करून विकतो!

म्हणून या संगीताचा वारसा टी-शर्टवर शोधू नये. आज १५३ पौंडांचीही गरज उरलेली नाही. हातातल्या मोबाईलवर गाणे मुद्रित होते आणि क्षणात जगभर जाते. छापखाना स्वस्त झाला, पण वितरण पुन्हा मूठभर कंपन्यांच्या हाती गेले आणि 'मान्य आहे' या बटणामागचा करारनामा कोणी वाचत नाही. गाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ते बटण दाबण्याआधी तो वाचावा. समजला नाही तर समजणाऱ्याकडून वाचून घ्यावा. ताल चुकला तर पुढच्या वेळी सुधारता येतो, चुकीच्या कागदावर केलेली सही मात्र सहजासहजी पुसता येत नाही.