कल्ले न पाहता मासळीची पारख

पोके हा हवाई बेटांवरील कच्च्या मासळीचा पदार्थ असून हवाई भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आडवे कापून तुकडे करणे’ असा होतो. म्हणजे या पदार्थाचे नाव माशावरून किंवा मसाल्यावरून आलेले नसून सुरीच्या कामावरून आलेले आहे. त्याच्या जुन्या रूपात किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकांतील मासळी, समुद्राचे मीठ, ‘लिमू’ म्हणजे खाण्याजोगे सागरी शेवाळ आणि ‘इनामोना’ म्हणजे कुकुई झाडाच्या, आपल्याकडे जंगली अक्रोड म्हटल्या जाणाऱ्या वृक्षाच्या, भाजून कुटलेल्या बिया एवढेच घटक असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळ्यांवर आलेल्या आशियाई मजुरांबरोबर सोया सॉस आणि तिळाचे तेल हवाईच्या स्वयंपाकात रुळले. पुढे खडकांतल्या लहान माशांची जागा मुख्यतः ‘आही’ने, म्हणजे ट्यूनाने, घेतली, कोकण किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात, त्याच कुळातला हा मासा होय.

होनोलुलूत किनाऱ्याजवळच्या पोकेच्या दुकानात कसलाही थाट नसतो. अंगावर पोहण्याचे कपडे आणि पायात सपाता असलेला ग्राहक काचेच्या थंड कपाटासमोर रांगेत उभा राहतो, पौंडाच्या म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमच्या मापाने पोके विकत घेतो किंवा भातावर वाढून घेतो आणि डबा घेऊन वाळूकडे चालू लागतो. या निवांतपणामुळे एक गोष्ट सहज नजरेआड होते: ज्या मासळीला विस्तवाचा स्पर्शही झालेला नाही, ती पारखण्याचे कोणतेच नेहमीचे साधन या ग्राहकाच्या हाती नसते. मुंबईच्या मासळीबाजारातील गिऱ्हाईक कल्ले उघडून लाली पाहते, डोळ्याची चमक पाहते आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का हे तपासते. पोकेच्या कपाटात मात्र डोके, कातडी आणि काटे यांच्यापासून सुटलेल्या चौकोनी फोडीच तेवढ्या दिसतात.

ही पारख त्याच्या वतीने आधीच कोणीतरी केलेली असते. होनोलुलूत १९५२ पासून मासळीचा लिलाव चालत आला असून तेथे मोठे मासे बर्फावर मांडले जातात, प्रत्येक ट्यूनाच्या शेपटीजवळ छेद देऊन आतील मांस उघडे केले जाते आणि खरेदीदार त्याचा रंग, चरबी व घट्टपणा पाहून एकेका माशावर स्वतंत्र बोली लावतात. पुढचे काम थंडाव्याचे असते. ट्यूना उबेत राहिला तर जिवाणूंच्या क्रियेने त्यात हिस्टामिन हे द्रव्य तयार होते आणि त्यामुळे चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पुरळ उठणे असा त्रास होऊ शकतो. हे द्रव्य एकदा तयार झाले की शिजवूनही नष्ट होत नाही, म्हणून मासा बोटीपासून वाडग्यापर्यंत सुमारे ४ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय ठरतो.

ग्राहकाच्या समाधान-असमाधानाचे दुसरे कारण वेळेत दडलेले असते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी लावून ठेवले की तिला पाणी सुटते, हा मराठी घरातला अनुभव पोकेलाही लागू पडतो. मीठ व सोया सॉस फोडींतील पाणी बाहेर ओढतात, तर लिंबाच्या आम्लाने त्यांचा पृष्ठभाग पांढरट होऊन शिजल्यासारखा दिसू लागतो. म्हणूनच सकाळी मुरवलेले पोके आणि मागणीनंतर कालवलेले पोके यांत फरक जाणवतो: पहिल्यात मसाला आतपर्यंत पोहोचलेला असतो, तर दुसऱ्यात माशाची स्वतःची चव पुढे राहते.

रंग मात्र फसवा असतो. ट्यूनाच्या मांसाची लाली मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येते आणि हवेशी संयोग होऊन ती हळूहळू तपकिरी होते. उलट कार्बन मोनॉक्साइड वायूची प्रक्रिया केलेला मासा जुना झाला तरी लालभडकच दिसतो. त्यामुळे तपकिरी छटा म्हणजे नासकेपणा नव्हे आणि लालभडक रंग म्हणजे ताजेपणा नव्हे.

२०१० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोकेची लाट आली, तेव्हा या व्यवहाराचे रूपच पालटले. भात की पालेभाजी, ट्यूना की सॅमन, कोणता सॉस, वर आंबा की मका अशी निवड ग्राहकावर सोपवली गेली आणि वाडगा त्याच्या मर्जीनुसार भरला जाऊ लागला. निवड वाढली खरी, परंतु मासळीबद्दलचे ग्राहकाचे ज्ञान त्यामुळे वाढले नाही. उलट दहा पदार्थ आणि दोन सॉस यांच्याखाली माशाची चव झाकली जाण्याचाच संभव वाढला.

हवाईतील अनेक दुकानांत विकत घेण्यापूर्वी एखादी फोड चाखायला देण्याची जी रीत आहे, तिचे महत्त्व येथे कळते. ताज्या ट्यूनाला उग्र वास नसतो आणि त्याची फोड दाताखाली पिठूळ न लागता घट्ट लागते. ज्याला कल्ले पाहता आले नाहीत, त्या ग्राहकाला लिलावातल्या पारखीचा पडताळा घेण्यासाठी ही एकच फोड मिळते, आणि ती सॉसात बुडण्यापूर्वी चाखलेली बरी.