थिबा राजाच्या गावातून ब्रह्मदेशाकडे पाहताना

रत्नागिरीला पाहुणे आले की पहिल्या दिवशी रत्नदुर्ग आणि दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस, हा घरोघरचा ठरलेला कार्यक्रम. उतरत्या छपरांचा, नक्षीदार लाकडी खिडक्यांचा तो तांबडा वाडा पाहून मुले हमखास विचारतात, "हा राजा इथे आला कसा?" उत्तर सोपे आहे. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, थिबाला पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी समुद्रमार्गे रत्नागिरीस आणून ठेवले. पॅलेस पुरा व्हायला १९१० साल उजाडले. १९१६ मध्ये राजाने इथेच डोळे मिटले.

नियतीचा खेळ पाहा. ज्या रत्नागिरीत लोकमान्य टिळक जन्मले, त्या गावात ब्रह्मदेशचा राजा कैदेत. आणि ज्या मंडालेत त्या राजाचे सिंहासन होते, तिथल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ टिळक! 'गीतारहस्य' तिथेच लिहिले गेले. दोन्ही देशांच्या माणसांनी एकमेकांच्या भूमीवर पारतंत्र्य भोगले. म्हणूनच ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, काही घडले की रत्नागिरीकराला ती बातमी अगदीच परकी वाटत नाही.

मते पेटीत, सत्ता बराकीत

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. पण २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली आणि लोकशाही गुंडाळली गेली. पदच्युत पंतप्रधान ऊ नू पुढे काही वर्षे भोपाळला आश्रयाला होते. १९८८ च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, हजारोंचे बळी गेले आणि सप्टेंबरात लष्कराने पुन्हा सूत्रे घेतली. १९९० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने पाचातील चार जागा जिंकल्या. लष्कराने तो कौल सरळ बाजूला ठेवला.

त्या वेळी भारत काठावर उभा राहिला नाही. पळून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिझोराम आणि मणिपूरमध्ये छावण्या उघडल्या. आकाशवाणीच्या ब्रह्मी भाषेतील प्रसारणांवर ऊ नूंच्या कन्येचा आवाज घुमू लागला. कोकण रेल्वेसाठी आपण ज्यांची आठवण काढतो, त्या जॉर्ज फर्नांडिस यांनी तर दिल्लीतल्या आपल्या बंगल्यात ब्रह्मी कार्यकर्त्यांना जागा दिली. सू ची स्वतः दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजच्या विद्यार्थिनी; त्यांच्या आई भारतात राजदूत होत्या. १९९१ ला सू चींना नोबेल मिळाले.

मग १९९३ च्या सुमारास दिल्लीचा सूर बदलला. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ सीमेपलीकडे, चीनचा रंगूनमधला वाढता वावर, व्यापाराची गरज: कारणे खोटी नव्हती. शेजार बदलता येत नाही, हेही खरेच. पण लष्कराशी हात मिळवताना लोकांचा हात सुटतो, त्याचे काय?

घाईने वाजवलेले चौघडे

निर्बंध, ठराव आणि पारितोषिके यांनी लष्कर हटले नाही. पण जगाचे लक्ष हटू दिले नाही, हे त्यांचे श्रेय. २०११ नंतर दारे किलकिली झाली. २०१२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि त्यांनी थिबाच्या समाधीस वंदन केले. त्याच्या महिनाभर आधी ओबामा रंगूनला जाऊन आले होते. युरोपने २०१३ मध्ये शस्त्रबंदी सोडून बाकीचे निर्बंध उठवले, अमेरिकेने २०१६ मध्ये. २०१५ ची निवडणूक सू चींनी जिंकली आणि जगाला वाटले, झाले काम!

काम झाले नव्हते. २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्करासाठी राखून ठेवल्या होत्या. महत्त्वाची घटनादुरुस्ती तीन चतुर्थांशाहून अधिक मतांशिवाय अशक्य. म्हणजे किल्ली सेनापतींच्याच खिशात. गृह, संरक्षण आणि सीमा ही तिन्ही खाती त्यांचीच. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्यांना देश सोडावा लागला, तेव्हा सू चींनी लष्कराची पाठराखण केली आणि बाहेरचे मित्रही गमावले. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे त्याच लष्कराने त्यांना अटक केली.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जून २०२१ मध्ये ११९ देशांनी लष्कराविरुद्ध मत दिले. भारत तटस्थ राहिला. 'आसियान'ने पाच कलमी तोडगा काढला, तो कागदावर राहिला. सू चींचा पक्ष २०२३ मध्ये विसर्जित करण्यात आला आणि त्याच्याशिवायच डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने निवडणूक घेण्यात आली. मतपेटी आहे, पण पर्याय नाही.

मिझो माणसाची रीत

या काळोखात एक दिवा मात्र आपल्याच देशात लागला. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्राने सीमेवरून येणाऱ्यांना रोखा असे सांगितले. मिझोरामने ऐकले नाही. पलीकडचे चिन लोक म्हणजे मिझोंचे भाऊबंद! चर्चने, तरुणांच्या संघटनांनी, साध्या शेतकऱ्यांनी तीस हजारांहून अधिक माणसांना घासातला घास दिला.

लोकशाही बाहेरून पार्सलने पाठवता येत नाही. ती तिथल्या लोकांनीच मिळवायची असते. बाहेरच्यांनी करायच्या गोष्टी तीनच: पळून आलेल्याला आसरा द्यावा, बंदिवानाचे नाव विसरू देऊ नये, आणि पहिल्या निवडणुकीचा गुलाल खाली बसण्याआधीच 'आता सारे ठीक आहे' असे म्हणू नये. बराकीची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी पाहावे.

पुढच्या वेळी मुलांना थिबा पॅलेस दाखवाल, तेव्हा त्यांना राजाची गोष्ट जरूर सांगा. पण ती १९१६ वर थांबवू नका. त्या राजाची प्रजा अजून आपल्या राज्याची वाट पाहते आहे, तेही सांगा.