वामन जांभूळ

पोलादपूर मागे पडलं की आंबेनळी घाट लगेच सुरू होतो. महाबळेश्वर तिथून सुमारे ४० किलोमीटर. एवढ्याशा अंतरात रस्ता कोकणच्या तळातून साडेतेराशे मीटर उंचीच्या पठारावर जाऊन पोचतो. या वाटेवर बहुतेक प्रवासी दरी पाहतात, मी जांभळं पाहत जातो. खाली सावित्रीच्या काठाला जांभूळ पन्नास-साठ फूट उंच, भरदार. घाटाच्या वळणांवर ते खुजं होत जातं. आणि वर, पश्चिमेचा वारा थेट छातीवर घेणाऱ्या कड्यांच्या धारेवर तेच झाड दीड-दोन पुरुष उंचीवर थांबलेलं असतं. बुंधा उंचीच्या मानानं जाड, साल फाटलेली, फांद्या सगळ्या उगवतीकडे ओढल्यासारख्या. वनस्पतिशास्त्रज्ञ या पठारावरच्या जंगलाची ओळख अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांवरून सांगतात. तिन्ही झाडं इथं ठेंगणीच.

कारणं उघड आहेत. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत. त्याबरोबर झाडाला उभं राहू न देणारा वारा. मग आठ महिने जवळजवळ कोरडे. पायाखाली मातीचा पातळ थर आणि त्याच्या खाली जांभा. वामनवृक्षाची कुंडी म्हणजे तरी दुसरं काय असतं? वीतभरही नाही इतकी माती, खाली कठीण तळ आणि वरून सतत कोणीतरी शेंडा खुडणारं. बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ ‘तबकातली लागवड’ एवढाच आहे. ही कला चीनमधून जपानला गेली. मराठीत तिला वामनवृक्ष म्हणतात आणि मला तो शब्द जास्त आवडतो, कारण त्यात बुटकेपणाबरोबर तीन पावलांची गोष्टही आहे.

जगभरच्या वामनवृक्षवाल्यांचं एक लाडकं झाड म्हणजे मर्टल. भूमध्य समुद्राभोवतीचं सदाहरित झुडूप. पानं बोटाच्या पेराएवढी, समोरासमोर. पान चुरलं की सुगंध. उन्हाळ्यात पांढरी, पाच पाकळ्यांची, पुंकेसरांचा झुबका असलेली फुलं आणि नंतर निळसर काळी बोरं. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हंब्रा राजवाड्यात एका चौकाचं नावच मर्टलच्या कुंपणांवरून पडलं आहे. सुक्कोथच्या सणाला ज्यू लोक ज्या चार वनस्पती हातात धरतात त्यांत मर्टलची डहाळी असते. म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल कुटुंबांच्या धर्मग्रंथात तरी हे झाड आपल्याकडे केव्हाच येऊन पोचलेलं आहे. युनानी हकिमांकडे त्याची वाळकी फळं ‘हब्बुल आस’ म्हणून मिळतात. आणि आपल्याकडचं त्याचं नाव विलायती मेंदी.

नावाची गंमत इथूनच सुरू होते. विलायती मेंदीचा हातावर काढायच्या मेंदीशी कुळाचा संबंध नाही. खऱ्या मेंदीच्या कुळात आहे ते इंग्रजीत ‘क्रेप मर्टल’ म्हणतात ते फुलझाड, आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणजे आपलं तामण, महाराष्ट्राचं राज्यपुष्प. वैशाखात ओढ्याकाठी जांभळ्या तुऱ्यांनी पेटलेलं असतं तेच. याच घरातला दुसरा भाऊ नाणा. त्याचा गुळगुळीत, पापुद्रे सोडणारा पांढुरका बुंधा रायगडच्या वाटेवरच्या जंगलात लांबून ओळखू येतो. जपानी लोक क्रेप मर्टलला ‘सारुसुबेरी’ म्हणतात, म्हणजे ज्यावरून माकड घसरतं ते झाड. नाण्याला हे नाव तितकंच शोभलं असतं.

खऱ्या मर्टलच्या कुळात मात्र आपल्या परसातलीच मंडळी आहेत: जांभूळ, पेरू, जाम, लवंग. निलगिरीसुद्धा. आणि कुळाच्या वरची पायरी, म्हणजे गण, घेतला तर महाड-पोलादपूरचं अर्धं रान त्यात येऊन बसतं. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, अंजनी, तामण, नाणा, उक्षीचा वेल, डोंगरउतारावरची लालभडक धायटी आणि अंगणातलं डाळिंब, हे सगळे मर्टलच्याच गणगोतातले. ज्या मर्टलचं रोप मी पुण्याहून महाडला जपून आणलं त्याच्या भाऊबंदांनी माझं घर आधीच चहूबाजूंनी वेढलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या रोपाचं काय झालं ते सांगून टाकतो. पहिल्या पावसाळ्यात त्याची मुळं सतत ओली राहून अर्धी कुजली. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि मी कुंडीत घातलेली माती बागेतली, चिकट. तरीही ते जगलं. मग एप्रिलमध्ये एका लग्नासाठी दोन दिवस गावाला गेलो. परत आलो तेव्हा पानं हिरवीच होती, पण हात लावला तर पापडासारखी चुरली. मर्टलचं हेच आहे. त्याची मुळं बारीक, केसांसारखी. एकदा पूर्ण वाळली की पान गळूनही पडत नाही, जागच्या जागी कुरकुरीत होतं आणि फांदी संपते. इटली-स्पेनमधले लोक ‘तारेंतिना’ नावाची बारीक पानांची जात वाढवतात, तिच्या जुन्या लाकडावरही फूट येते, सगळं खरं. पण आमच्या जुलैत तिला छत्री धरायची आणि मेमध्ये पंखा घालायचा, इतकी चाकरी माझ्याच्यानं होणार नव्हती.

त्यानंतर मी जांभळाकडे वळलो.

जांभळाचं बी ताजंच लावावं लागतं. दहा-पंधरा दिवस कागदात गुंडाळून ठेवलं की त्यातला जीव गेला म्हणून समजा. एका बीतून कधी दोन, कधी चार रोपं येतात. त्यातलं चांगलं एक ठेवायचं किंवा चारही ठेवून पुढे झुंबड करायची. रोप वीतभर झालं की उपटून सोटमूळ कापायचं आणि फुटक्या मंगलोरी कौलाच्या तुकड्यावर बसवून पुन्हा जमिनीत पुरायचं. खाली जायला वाट नसली की मुळं आडवी पसरतात. पाच वर्षांनी माती बाजूला केली की बुंध्याच्या पायथ्याशी मुळांचा पसारा कोंबडीच्या पंजासारखा दिसायला हवा. वामनवृक्षात म्हातारपण दिसतं ते आधी इथं. उंची नंतरची गोष्ट.

या पाच वर्षांत झाडाला कुंडी दाखवायची नाही. कुंडीत बुंधा जाड होत नाही, जमिनीत होतो. एखादी खालची फांदी मोकाट सोडायची, ती बुंध्याला पोसते, आणि काम झालं की तिला करवतीनं उतरवायचं. घाई करणाऱ्यांच्या झाडाला आयुष्यभर काडीची कमर राहते, मग तारांनी कितीही वळवा.

कुंडीतल्या मातीचं उत्तर मला शेजारच्या बांधकामावर सापडलं. जपानात भाजल्यासारखे कडक मातीचे खडे वापरतात, ‘अकादामा’. ते इथं आणायचे म्हणजे रोपापेक्षा माती महाग. आमच्याकडे घर बांधताना जांभ्याचे चिरे तासतात, त्याचा खच पडलेला असतो. तो कुटून दोन चाळण्यांतून काढायचा. वरचे मोठे तुकडे टाकायचे, खालची धूळ टाकायची, मधले ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतचे खडे ठेवायचे. तेवढाच विटांचा चुरा आणि दोन मुठी कुजलेलं शेणखत. पाणी ओतलं की क्षणभर न थांबता खालून निघालं पाहिजे. खड्याच्या पोटात राहील तेवढंच झाडाचं. पावसाळ्यात कुंडीच्या एका बाजूला लाकडी ठोकळा लावून ती तिरकी ठेवतो, म्हणजे कोपऱ्यातलं पाणीसुद्धा ओघळतं. उन्हाळ्यात उलटं. तेव्हा कुंड्या ओल्या वाळूच्या परातीत बसवलेल्या असतात आणि पाणी दोनदा. महाडच्या मे महिन्यात उथळ कुंडी दुपारपर्यंत भाजून निघते.

वळण देणं हा सगळ्यांना कलेचा मुख्य भाग वाटतो. तो आहेही, पण जांभळाच्या बाबतीत तार हातात घेण्याआधी कोकणातल्या प्रत्येक पोराला मिळालेली ताकीद आठवावी: जांभळावर फार वर जाऊ नको, फांदी सांगून मोडत नाही. लाकूड ठिसूळ. मर्टलचंही तसंच, कोवळं असताना हवं तसं वळतं, पिकलं की कटकन तुटतं. म्हणून तार घालायची ती हिरव्या-तांबूस फुटीला. ॲल्युमिनियमची तार बरी, सैल गुंडाळलेली. आणि पावसाच्या तोंडावर घातलीत तर दर आठ दिवसांनी पाहायचं. जूनमध्ये घातलेली तार मी एकदा गणपतीपर्यंत विसरलो. फांदी तारेभोवती फुगली होती आणि मळसूत्रासारखे वण पडले होते. ते वण अजून आहेत. येणारा प्रत्येक जण ते मुद्दाम केलेत का विचारतो.

पानं समोरासमोर येतात, ही या कुळाची दुसरी पंचाईत. शेंडा खुडला की दोन्ही बगलांतून दोन सारख्या फुटी निघतात. पुन्हा खुडा, चार. काही महिन्यांत झाड इंग्रजी ‘टी’ अक्षरांची रांग होऊन बसतं. त्यामुळे प्रत्येक जोडीतली एक फूट काढायची, एकदा डावी, एकदा उजवी, आणि खालच्या बाजूला जाणारी शक्यतो नाही ठेवायची. पान लहान करायचं तर निरोगी झाडाची सगळी पानं वर्षातून एकदा, देठ ठेवून, कात्रीनं उतरवायची. नवी पालवी तांबूस, नाजूक आणि आकारानं कमी येते. वीतभर लांबीचं पान बोटाएवढं होतं. फळ मात्र लहान होत नाही. पान झाड आटोपतं घेतं, फुलं-फळं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ जात खायला उत्तम आहे, पण फूटभर उंचीच्या झाडावर तसलं टपोरं जांभूळ लागलं तर झाड कलंडल्यासारखं दिसेल. कुंडीसाठी ओढ्याकाठचं अरुंद पानांचं पाणजांभूळ किंवा रानातलं बारीक फळांचं घ्यावं.

ज्यांना इतका धीर नाही त्यांनी पेरू घ्यावा. दाब कलम किंवा गुटी लगेच लागते, साल आपोआप सोलली जाऊन तांबूस-हिरवे ठिपके उमटतात आणि तीन-चार वर्षांत बुंधा पाहण्यासारखा होतो. तामणाच्या वाटेला मी जाऊन आलो. पान मोठं, तुरा त्याहून मोठा. चांगलं दिसायला झाडच कमरेएवढं ठेवावं लागतं आणि मग ते उचलणार कोण?

झाड छाटणं इथल्या लोकांना शिकवावं लागत नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा तर ऐन-किंजळाची कवळं तोडावी लागतात. टहाळ, शेण, पालापाचोळा, माती असे थर रचून पावसाआधी पेटवतात आणि त्या राखेत भात पेरतात. पिढ्यान्‌पिढ्या कोयता खाल्लेले ऐन बांधावर उभे आहेत: आखूड, जाड, प्रत्येक तोडीच्या जागी मुठीसारखी गाठ आणि गाठीतून फुटलेले धुमारे. माझ्या कुंडीतल्या जांभळाला मी जो आकार देऊ पाहतो तो पुस्तकातल्या पाइनचा नाही, या कोयत्याच्या ऐनाचा आणि वरच्या पठारावरच्या वाऱ्याच्या जांभळाचा आहे. मऊ ढगांसारखी पानांची चकतीवर चकती मांडलेलं जांभूळ मला न्हाव्याकडून आल्यासारखं वाटतं.

अशी तयार झाडं रानातून खणून आणायला जपानीत ‘यामादोरी’ म्हणतात, आणि बांध, घाट पाहिल्यावर ज्याला हा नाद आहे त्याचा हात शिवशिवतोच. मी रानातलं झाड खणत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही डोंगर खाली आला. उतारावरचं झुडूप हौसेसाठी उपटावं असं त्यानंतर मला तरी वाटत नाही. शिवाय दगडात रुजलेलं मूळ अखंड निघत नाही. दहा खणली तर दोन जगतील. महामार्गाच्या चौपदरीकरणात, घरांच्या पायात, विहिरींच्या कडेला निघालेले खुंट पुष्कळ असतात. मालकाला विचारून ते आणावेत. माझं सर्वांत म्हातारं जांभूळ एका पडक्या गोठ्याच्या भिंतीतून आलं. भिंत पाडायचीच होती. गवंड्यानं पहारीनं चिरा सैल केला, मी मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळली.

शेजारच्या आजी ते झाड आणलं त्या दिवसापासून माझ्यावर रागावून आहेत. कुंडीत झाड खुरटलं की घरातली वाढ खुंटते, असं त्यांचं म्हणणं. ‘त्याला पोटभर खाऊ घाल रे, किती उपाशी ठेवशील?’ असं त्या येता-जाता ऐकवतात. मी सांगतो की पाऊस ओसरला की दर पंधरवड्याला पेंड घालतो, चार महिन्यांच्या पाण्यानं खत धुऊन जातं म्हणून मुद्दाम. त्यांना ते पटत नाही. गेल्या वैशाखात त्याला पहिल्यांदा मोहोर आला, पांढुरका, विरळ. ज्येष्ठात तीन फळं धरली. एक वाऱ्यानं गेलं, एक बुलबुलानं नेलं. तिसरं मी आजींना नेऊन दिलं. त्यांनी ते खाल्लं, जीभ बाहेर काढून रंग चढलाय का ते मला दाखवलं, आणि बी पदराला पुसून परत माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, ‘हे तरी जमिनीत लाव.’

लावलं आहे. कौलाचा तुकडा खाली ठेवून.