वाढलेल्या गुणांचा जबाब

परीक्षेत गुण कमी पडले, तर का पडले ते आपण विचारतो. जास्त पडले तर पेढे वाटतो. पण जास्त पडले म्हणून लेखी खुलासा? आमच्या लाखनीतल्या एका निवृत्त गुरुजींना हे कोडे पडले होते. त्यांचा मुलगा अमेरिकेत स्थायिक झालेला, नात तिकडेच शिकलेली. तिला वकील व्हायचे आहे. तिकडे पदवीनंतर कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि प्रवेशासाठी बहुतेक जण ‘एलसॅट’ देतात. पोरीला पहिल्या खेपेस 154 गुण पडले, दुसऱ्या खेपेस 163. आणि ती अर्जासोबत या फरकाचा खुलासा लिहीत बसली होती. गुरुजी म्हणाले, ‘‘भाई, कॉपी केली का तिने, की जबाब द्यावा?’’

प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. एखाद्याच्या गुणांनी एकदम उडी मारली की गल्लीत पहिली कुजबुज कसली होते, हे मी सांगायला नको.

एलसॅटचे गुण 120 ते 180 या पट्टीवर मोजतात. धानाचे तेच पोते दोनदा काट्यावर ठेवले तरी वजन थोडे इकडेतिकडे होते, तसेच परीक्षेचे आहे. म्हणून गुणपत्रिकेत मिळालेल्या गुणांच्या खाली-वर साधारण तीन गुणांचा पट्टाही दाखवलेला असतो. 158 चे 160 झाले तर त्यात सांगण्यासारखे काही नाही. नऊ गुणांची वाढ मात्र डोळ्यांत भरते. 2006 पर्यंत तिथल्या महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी कळवावी लागे. तेव्हापासून सर्वांत चांगला आकडा कळवतात. त्यामुळे दुसऱ्यांदा बसण्यात तोटा उरला नाही. तरी जुना आकडा अर्जात दिसतोच, आणि वाचणारा विचारतो : यातला खरा कोणता? खुलासा त्यासाठी. त्याची सक्ती नसते.

पोरीने पानभर लिहिले होते. जिद्द, स्वप्न, रात्रीचा दिवस, सगळे होते. ‘‘चाचा, जरा बघता का?’’ म्हणून मला पाठवले. माझे इंग्रजी बी.ए.पुरतेच, पण शब्द कापणे हा कवीचा धंदा. फोनवर विचारले, ‘‘नेमके बदलले काय, ते सांग.’’ मग कळले. पहिल्या वेळी ती दिवसभर नोकरी करून परीक्षेला बसली होती, तेही घड्याळ न लावता जेमतेम तीन-चार जुने पेपर सोडवून. दुसऱ्या वेळी दोन महिने रजा काढली, दर आठवड्याला वेळ लावून पूर्ण पेपर सोडवला आणि चुकलेले प्रत्येक उत्तर आपल्याला बरोबर का वाटले, ते वहीत लिहीत गेली. म्हटले, एवढेच लिही. शिवाय महाविद्यालयातले तुझे गुण दुसऱ्या आकड्याशी जुळतात, ही एक ओळ घाल. आजारपण असते तर तेही लिहायचे, पण कागद असेल तरच. पानाच्या पाच ओळी झाल्या. पोर थोडी हिरमुसली.

आपल्याकडे असा खुलासा द्यायला जागाच नाही. लाखनीहून 80 किलोमीटरवर नागपूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. बारावीनंतर तिथे जायचे तर ‘क्लॅट’ द्यावी लागते, आणि तिथे चालतो तो क्रमांक. तो का वाढला, हे कोणी विचारत नाही. मग कारण आपले आपणच, दुसऱ्यांदा बसण्याआधी शोधायचे. दोन तासांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा, आणि 2020 पासून सगळी मदार लांबलचक उताऱ्यांवर. पेपर फक्त इंग्रजीत. राज्याच्या विधी सीईटीत प्रश्न मराठीतही असतात, इथे ती सोय नाही. घरी झाडीबोली आणि शाळेत मराठी बोललेल्या मुलाला साडेचारशे शब्दांचा उतारा वाचायला चार-पाच मिनिटे लागली, तर तर्क करायला वेळ उरतो कुठे? त्याचे गुण कमी येतात, ते कायद्याचे डोके नाही म्हणून नव्हे. त्याचे वाचन संथ पडते.

आमच्या गल्लीतला एक मुलगा यंदा दुसऱ्यांदा बसतो आहे. तीन शिकवणी वर्गांची माहितीपत्रके घेऊन आला होता. त्याला म्हटले, आधी इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घे, मोबाइलवर घड्याळ लाव आणि किती मिनिटे लागली ते रोज लिहून ठेव. पहिल्या दिवशी अकरा लागली. परवा सात.